पापण्यांतील तैलग्रंथी व त्यांची नित्य निगा

डोळे चुरचुरणे, वाळूचा कण गेल्यासारखे खुपणे, सकाळी पापण्यांच्या कडांवर खपली धरणे, या तक्रारींचे मूळ पुष्कळदा डोळ्यांत नसून पापणीत असते.

पापणीच्या कडेला, केसांच्या रांगेच्या आतील बाजूस, सूक्ष्म छिद्रांची एक ओळ असते. ही छिद्रे म्हणजे तैलग्रंथींची मुखे होत. वरच्या पापणीत सुमारे २५ ते ४० व खालच्या पापणीत २० ते ३० ग्रंथी असतात. हाइनरिख मायबोम या जर्मन वैद्याने १६६६ साली त्यांचे वर्णन केले. त्यावरून त्यांना मायबोमच्या ग्रंथी म्हणतात. पापणी लवली की त्यांतून किंचित तेल बाहेर येते आणि अश्रूंवर त्याचा अतिशय पातळ थर पसरतो. या थरामुळे अश्रू लवकर वाळत नाहीत.

थंडीत बाटलीतील खोबरेल तेल थिजते, हे सर्वांच्या परिचयाचे आहे. काही व्यक्तींच्या ग्रंथींतील तेलही असेच घट्ट होते व मुखे बुजतात. मग डोळा कोरडा पडतो आणि त्या चुरचुरीने उलट पाणी वाहू लागते. तुंबलेल्या ग्रंथीची कधी गाठ होते. दीर्घकाळ तुंबलेल्या ग्रंथी आक्रसतात व त्या सहसा पूर्ववत होत नाहीत. विकार चिवट आहे. तो समूळ जात नसला तरी नित्य निगेने आटोक्यात राहतो.

प्रथम हात साबणाने धुवावेत. काँटॅक्ट लेन्स असल्यास काढून ठेवाव्यात. स्वच्छ फडके सुमारे ४० अंश सेल्सिअस उष्णतेच्या पाण्यात भिजवून पिळावे, मनगटावर लावून पाहावे आणि मिटलेल्या डोळ्यांवर ठेवावे. फडके लवकर निवते. म्हणून ते वरचेवर ऊन पाण्यात बुडवून ५ ते १० मिनिटे शेक द्यावा. नंतर, तेल पातळ आहे तोवरच, बोटाने पापणी हलकेच चोळावी : वरची पापणी वरून खाली, खालची खालून वर, म्हणजे नेहमी केसांच्या दिशेने. बुबुळावर दाब देऊ नये. शेवटी उकळून कोमट केलेल्या पाण्यात भिजविलेल्या कापसाने कडा पुसाव्यात. प्रत्येक डोळ्यास निराळा बोळा घ्यावा.

हा क्रम आरंभी दिवसातून दोनदा व आराम पडल्यावर एकदा ठेवावा. गुण येण्यास काही आठवडे लागतात. बरे वाटताच निगा सोडली तर विकार पुन्हा उलटतो. पापणीच्या आतील कडेला काजळ लावू नये. वाचताना व पडद्याकडे पाहताना पापण्या कमी लवतात. म्हणून मधून मधून डोळे पूर्ण मिटावेत.

तीव्र वेदना, प्रकाश न सोसणे, दृष्टी मंद होणे किंवा एकाच जागी पुन्हा पुन्हा गाठ येणे, यांपैकी काहीही आढळल्यास घरगुती उपायांवर विसंबून न राहता नेत्रवैद्यास तत्काळ दाखवावे. एरवी या विकारात औषधापेक्षा नियमितपणाच अधिक उपयोगी पडतो.