म्यानावरची नक्षी

रानात वापरायच्या हातघडीच्या सुरीबद्दल बोलायचे म्हटले की आपण लगेच तराजू काढतो. एका पारड्यात देखणेपण, दुसऱ्यात उपयोग. एक जड झाले की दुसरे वर गेलेच. फिनलंडच्या पूक्को या सुरीकडे नीट पाहिले तर हा तराजू मोडीत काढावासा वाटतो. पूक्को म्हणजे तिथल्या शेतकऱ्याच्या, लाकूडतोड्याच्या, कोळ्याच्या कमरेची लहानशी सुरी. पाते साधारण 8 ते 10 सेंटिमीटर, मूठ तेवढीच किंवा थोडी अधिक लांब, आणि मूठ व पाते यांच्यामध्ये बोटे अडवणारी आडपट्टी नाही. फिनिशमध्ये ‘पू’ म्हणजे लाकूड. मासा साफ करणे, कातडे सोलणे ही कामे पूक्को करतेच, पण तिची खरी परीक्षा लाकूड तासताना होते. अशा सुरीवर नक्षी किती असावी, यावर वाद घालण्यात फारसे हशील नाही. ती कुठे असावी, हे मात्र जुन्या कारागिरांनी फार विचाराने ठरवलेले दिसते.

आधी पाते घेऊ. जुन्या घडणीच्या अनेक पूक्कोंचे पाते आडवे कापले तर काप शंकरपाळ्यासारखा दिसेल: मध्ये जाड, पाठीकडे आणि धारेकडे निमुळता. त्यामुळे पात्याच्या अंगावर लांबीभर एक कणा उमटतो आणि उजेड त्याच्यावर तुटतो. बघणाऱ्याला ती शोभा वाटते. लोहाराचा हिशेब वेगळाच असतो. पाते लाकडात शिरले की सर्वांत जाड भाग तेवढा घासतो, पाठीकडचा भाग मोकळा राहतो, ढलपी चटकन सुटते आणि वजनही कमी होते. भट्टीतली काळी खपली पात्याच्या अंगावर पुष्कळदा तशीच ठेवतात. घासण्याची मेहनत वाचते, गंजही थोडा उशिरा धरतो. त्या काळ्या अंगाखाली धारेचा उजळ, सपाट उतार असतो. हा उतार आखीव दिसतो याचेही कारण रोकडे आहे. तो दगडावर सपाट टेकवला की धारेचा कोन आपोआप जुळतो, त्यामुळे जंगलात दिवा-बत्तीशिवायही धार लावता येते. ह्युरीनसाल्मी गावच्या काल्ले केरानेन या लोहाराच्या सुरीला ‘तॉम्मी’ म्हणतात. त्याला पोलादाला पाणी द्यायची विद्या शिकवणाऱ्या थॉमस वुडवर्ड या इंग्रज कारागिरावरून हे नाव पडले, असे सांगतात. म्हणजे सुरीला नाव मिळाले तेसुद्धा पाणी देणाऱ्याचे. नक्षी काढणारा त्यात कुठेच नाही.

मुठीचीही गोष्ट अशीच. भूर्जाच्या जातीतल्या बर्च झाडाच्या सालीचे चौकोन कापून ते पात्याच्या शेपटीत एकावर एक ओवतात, दाबून घट्ट बसवतात आणि मग घासून मुठीला आकार देतात. पातळ थरांच्या फिकट-गडद रेघा आपोआप उठून दिसतात. पण साल निवडली जाते ती थंडीसाठी. उणे वीस अंशांत धातूची मूठ हाताला चिकटते, गुळगुळीत लाकूड ओले झाले की निसटते; साल मात्र उबदार लागते आणि ओल्या हातातही पकड देते. दुसरा आवडता माल म्हणजे ‘विसाकोइवू’, वेड्यावाकड्या रेषांचा बर्च. त्याच्या खोडातली ही मुरड जन्मजात असते. मुरड असल्यामुळे ते लाकूड सरळ फाटत नाही, आणि त्याच मुरडीमुळे ते इतके देखणे दिसते की ते किलोवर विकले जाते, आपल्याकडच्या चंदनासारखे.

मग ठसे, वेलबुट्टी, पितळी टोपणे कुठे गेली? म्यानावर. चामडे ओले असताना आतल्या लाकडी साच्यावर ताणून मागच्या बाजूने शिवायचे आणि पुढच्या बाजूवर हवे तेवढे ठसे उमटवायचे, ही रीत. म्यान खोल असते, निम्मी मूठ गिळते. त्या चिमटीतच सुरी घट्ट बसते, बटण-बंद लागत नाही. म्यानाला हात घासत नाही आणि धारही लागत नाही, म्हणून तिथे कारागिराने हौस पुरवून घेतली तरी कामात काही उणे पडत नाही. उपवर मुलीने कमरेला रिकामे म्यान बांधायचे आणि ज्याला ती हवी त्याने त्यात आपली सुरी ठेवायची, अशी जुनी चाल सांगितली जाते. ती कितपत सार्वत्रिक होती हा प्रश्न बाजूला ठेवला तरी, लोकांना दिसणारी वस्तू म्यान हीच होती, एवढे त्यातून कळते. कोकणात कोयती कमरेमागच्या लाकडी आकडीत अडकवतात. तिथे मात्र आकडीही साधीच. पाते उघडे आणि काम घाईचे.

यावर पहिला आक्षेप सुरक्षिततेचा आहे: आडपट्टी नाही, म्हणजे डौलासाठी बोटे धोक्यात घातली. पण लाकूड तासताना बोट पात्याच्या अगदी मुळाशी न्यावे लागते आणि आडपट्टी नेमकी तिथेच अडते. भोसकायचे हत्यार करायचे ठरले तेव्हा फिनिशांनी ती बसवलीच. त्यांच्या सैन्याची एम/27 संगीन पूक्कोच्या वळणाची आहे, पण तिला आडपट्टी आहे.

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे. कौहावा गावात ईसाक्की यार्वेनपा याने 1879 साली कारखाना काढला. तिथली प्रसिद्ध पूक्को म्हणजे मुठीच्या टोकाला ओतीव घोड्याचे डोके असलेली. इथे नक्षी सरळ मुठीवर आली, मग म्यानाचा नियम कुठे राहिला? घोडा करंगळीच्या पलीकडे बसतो आणि सुरी ओढताना हाताला अटकावही देतो, असा बचाव करता येईल. मला तो अर्धाच पटतो. धातूच्या त्या गोळ्याने तोल मागे जातो आणि थंडीत तो गारठतो. ही सुरी भेट द्यायची, सन्मानाची म्हणून नावारूपाला आली आणि त्या कामाला ती चोख आहे. रोज लाकूड तासणाऱ्याने साधी सालीची मूठ घ्यावी.

तिसरा आक्षेप मी जवळजवळ मान्य करतो. स्वीडनच्या मोरा गावची प्लॅस्टिक मुठीची स्वस्त सुरीही लाकूड उत्तम तासते. हातघडीची अधिक चांगली कापते हा दावा बहुतेक वेळा विक्रेत्याचा असतो. शिवाय तापिओ विर्काला याने 1961 साली हाकमान कंपनीसाठी काळ्या नायलॉनच्या मुठीची पूक्को रेखली, आणि ती कुठल्याही हातघडीच्या सुरीइतकीच देखणी आहे. देखणेपण हाताच्या श्रमातूनच येते असे नाही, एवढे यातून सिद्ध होते. पण विर्कालाने नक्षीला मुठीवर थारा दिला नाही, हेही त्याच सुरीत दिसते.

आजच्या महागड्या हातघडीच्या सुऱ्यांत मात्र उलटे झाले आहे. अनेक थरांच्या पोलादाची लहरदार नक्षी थेट पात्यावर असते. धार लावताना उतारावरची ती फिकी पडते आणि पुन्हा आम्लात बुडवून उठवावी लागते. मूठ आरशासारखी घोटलेली, म्हणजे ओल्या हाताला निसरडी. कारागिरांची अभिरुची खालावली, असे म्हणणे सोपे आहे. मला कारण वेगळे दिसते. जुनी पूक्को लोकांनी पाहिली ती कमरेवर, म्यानात, निम्मी मूठ झाकलेली. आजची सुरी गिऱ्हाइकाला प्रथम दिसते ती छायाचित्रात: म्यानाबाहेर काढलेली, आडवी ठेवलेली, आणि म्यान शेजारी नाहीतर चौकटीबाहेर.