लायसन आहे, पण चालू आहे का?

दुपारची जेवणं उरकून मी ओटा पुसत होते, तेवढ्यात आमच्या बचत गटातली एकजण दारात उभी. दोन लेकरांची आई, पण माझ्यापेक्षा बरीच लहान. 'ताई, येऊ का आत?' म्हणाली. माझं लक्ष तिच्या गळ्याकडे गेलं. मंगळसूत्राच्या जागी नुसती काळी पोत.

मैत्रिणींनो, ही पोत पाहून माझ्या पोटात कालवलं. कारण त्यात माझाही दोष होता.

तीन महिन्यांपूर्वी ती एक झेरॉक्स घेऊन आली होती. नवऱ्याला कतारला वेल्डरचं काम मिळणार, मुंबईची एजन्सी आहे, हे बघा सरकारी लायसन. नंबर होता, शिक्का होता. 'लायसन आहे ना, मग कसली काळजी?' असं मीच म्हणाले होते. चार लोकांची कामं करणारी बाई म्हणून तिने माझ्यावर विश्वास ठेवला. मंगळसूत्र गहाण ठेवून आणि वर उसने घेऊन सत्तर हजार भरले. एजन्सीच्या गावातल्या माणसाने पावती दिली नाही, पासपोर्ट मात्र ठेवून घेतला.

आता तोच माणूस म्हणत होता, 'आणखी चाळीस हजार द्या, आठ दिवसांत तिकीट. आधी व्हिजिट व्हिसावर जाऊ दे, तिकडे बदलून घेऊ.' तिला हे खटकलं. बायकांना आतून जे खटकतं ना, ते कधी झटकून टाकू नये.

माझ्या लेकीने मोबाइलवर परराष्ट्र मंत्रालयाची 'ई-मायग्रेट' ही साइट उघडली. झेरॉक्सवरचा नंबर टाकला. एजन्सीचं नाव आलं, पत्ताही तोच. पुढे लिहिलं होतं, 'कॅन्सल्ड'. म्हणजे लायसन खरंच होतं, पण सरकारने ते केव्हाच रद्द केलं होतं! झेरॉक्स मात्र गावोगाव फिरत होती.

मग मी जरा मुळाशी जाऊन माहिती घेतली. आपल्याकडे १९८३ चा उत्प्रवासन कायदा आहे. परदेशात नोकरीला माणसं पाठवणाऱ्या एजंटला त्या कायद्याने नोंदणी करावीच लागते. त्याला सरकारकडे तारण ठेवावं लागतं. कामगार तिकडे अडकला, तर त्याला परत आणायचा खर्च त्यातून करता येतो. आणि ज्याने लायसन दिलं, त्याला ते काढूनही घेता येतं. दिल्लीतल्या 'प्रोटेक्टर जनरल ऑफ एमिग्रंट्स' या अधिकाऱ्याकडे तो अधिकार आहे. खोटी माहिती देऊन नोंदणी मिळवली असेल, अटी मोडल्या असतील, धंदा करायची पद्धतच नीट नसेल, तर लायसन आधी स्थगित आणि मग रद्द करता येतं. एजंटला अर्थात आपलं म्हणणं मांडायची संधी मिळते. लायसन नसताना असा धंदा करणं हा गुन्हा आहे. त्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

फीचंही तेच. नोंदणी असलेल्या एजंटलाही ३०,००० रुपये आणि वर जीएसटी, एवढंच घेता येतं. तेही पावती देऊन. आणि गावोगाव सब-एजंट नेमायची तर त्याला परवानगीच नाही. आमच्याकडचा माणूस नेमका तोच होता.

तिचा नवरा नववी शिकलेला. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर 'ईसीआर' असतं. कतारसह अठरा देशांत नोकरीला जायचं तर अशांना आधी सरकारची मंजुरी घ्यावी लागते. व्हिजिट व्हिसावर पाठवलं की ती मंजुरी चुकवता येते. पण मग माणूस तिकडे कामगार म्हणून सरकारच्या कागदावर कुठेच नसतो. पगार मिळाला नाही तर दाद कोणाकडे मागायची?

खरी अडचण पुढे होती. तो माणूस तिच्या चुलत दिराचा मित्र. सासूबाई म्हणाल्या, 'घरातली गोष्ट चावडीवर नको. पैसे गेले तर गेले.' नवराही गप्प. ती रात्रभर जागी होती म्हणे. सकाळी आली आणि म्हणाली, 'ताई, उद्या दुसऱ्या कोणाचं मंगळसूत्र जाईल. चला.'

आम्ही पोलीस ठाण्यात गेलो. मुंबईच्या प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सच्या कार्यालयालाही लेखी तक्रार पाठवली. पासपोर्ट आठवड्यात परत आला. पैसे तीस हजारच हाती लागले, बाकीच्यासाठी खेटे चालू आहेत. चुलत दिराच्या घराशी बोलणं बंद आहे. सगळं गोड झालं असं मी सांगणार नाही.

पण एक विचार मनातून जात नाही. ते लायसन रद्द झालं, त्याआधी कुणीतरी तोंड उघडलं असणार. कदाचित आपल्यासारखीच एखादी बाई असेल, तीही घरच्यांचा रोष पत्करून उभी राहिली असेल. तिला तिचे पैसे मिळाले की नाही, देव जाणे. आमच्या मुलीचा नवरा मात्र वाचला.

तेव्हा बायांनो, घरातलं कोणी परदेशी निघालं तर झेरॉक्सवर भुलू नका. नंबर साइटवर टाकून लायसन आज चालू आहे का ते बघा. मोबाइल जमत नसेल तर शाळेत जाणाऱ्या पोराला सांगा. १८००११३०९० या सरकारी हेल्पलाइनवर विचारा. पासपोर्ट आणि पावती आपल्याच ट्रंकेत असू द्या. आणि फसलात, तर लाजून गप्प बसू नका.

'लायसन आहे ना?' असं मी आता कोणाला विचारत नाही. 'आज चालू आहे का, बघितलंस का?' असं विचारते.