प्रश्न आपला, विचारणारी पोरंही आपलीच

आज बचत, कर्ज, हप्ता हे विषय जरा बाजूला ठेवू. आज आम्हाला सर्व्हेबद्दल बोलायचं आहे.

सर्व्हे म्हटलं की आपल्याला काय आठवतं? दुपारी कोणीतरी मोटारसायकलवर येतं. घरात माणसं किती, शेळ्या किती, गॅस आहे का, संडास आहे का, असं विचारतं. आपण हातातलं काम सोडून उत्तरं देतो. फॉर्म भरला, सही नाहीतर अंगठा झाला, की माणूस जातो. पुढं त्या कागदाचं काय झालं, आपण काय सांगितलं आणि त्यानं काय लिहिलं, हे आपल्याला कधीच कळत नाही. हे काम आम्हीही केलंय. समन्वयक म्हणून किती फॉर्म भरून वर पाठवले, त्याची मोजदाद नाही.

पण हाच सर्व्हे आपल्या गावातल्या, वेगवेगळ्या समाजांच्या पोरापोरींनी केला तर? प्रश्न त्यांनी ठरवला, उत्तरं त्यांनी गोळा केली आणि गावासमोर वाचूनही त्यांनीच दाखवली तर? अशा मुलांना तरुण संशोधक म्हणतात. संशोधन म्हणजे प्रयोगशाळेतलंच काम, असं काही नाही. एखादी गोष्ट खरी काय आहे ते नीट विचारून, मोजून, तपासून शोधायचं, म्हणजे संशोधन. आपल्या मुंबईत हे काम झालेलं आहे. आधी ते सांगतो, मग आमच्याकडं काय झालं ते सांगतो.

मुंबईचं कौला बंदर

मुंबईत 'पुकार' नावाची संस्था आहे. अर्जुन अप्पादुराई या अभ्यासकांनी ती उभी केली. ते मूळचे मुंबईचे, पुढं अमेरिकेत प्राध्यापक झाले. २००६ साली त्यांनी संशोधनाच्या हक्कावर एक लेख लिहिला. त्याचा सारांश आपल्या भाषेत असा : शिक्षणाचा हक्क, कामाचा हक्क, तसा आपल्याला हवी ती माहिती पद्धतशीर शोधण्याचाही हक्क प्रत्येकाला आहे. ज्याला आपल्या परिस्थितीची माहिती स्वतः काढता येत नाही, त्याच्याबद्दल नेहमी दुसराच बोलतो.

'पुकार'नं तरुणांसाठी फेलोशिप सुरू केली. मुलामुलींनी गट करायचा, आपल्या जगण्यातला प्रश्न निवडायचा आणि वर्षभर त्याचा अभ्यास करायचा. संस्थेनं वस्तीतल्याच तरुणांना माहिती गोळा करण्याचं शिक्षणही दिलं. त्यांना नाव पडलं 'बेअरफूट रिसर्चर', म्हणजे अनवाणी संशोधक.

त्यांचं एक मोठं काम कौला बंदर या वस्तीत झालं. ही वस्ती मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर, बंदराच्या जागेवर आहे. तमिळनाडूतून आलेली कुटुंबं तिथं जुनी, नंतर उत्तर प्रदेश, बिहारकडची आली. एका गल्लीत दोन-तीन भाषा ऐकू येतात. सरकारदरबारी ही घोषित वस्ती नव्हती, म्हणून नगरपालिकेचा अधिकृत नळ नव्हता. लोक पाणी विकत घेत. लांबच लांब रबरी पाइप लावून ते घरापर्यंत यायचं.

या पाण्याचा अभ्यास २०१३ साली छापून आला. त्यातले आकडे ऐका. नगरपालिकेचा दर होता १००० लिटरला २ रुपये २५ पैसे. कौला बंदरची कुटुंबं त्याच्या ५२ ते २०६ पट पैसे मोजत होती. म्हणजे १००० लिटरला ११७ रुपयांपासून ४६३ रुपयांपर्यंत. आणि एवढं मोजूनही, माणशी रोज किमान ५० लिटर पाणी लागतं असा जो जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब आहे, तेवढं पाणी काही ऋतूंत १०० पैकी ९५ घरांना मिळत नव्हतं.

आता आपणच विचार करा. "आमच्याकडं पाण्याचे हाल आहेत" असं म्हटलं, तर साहेब म्हणतो, "हाल सगळीकडंच आहेत." पण "शेजारच्या वस्तीत सव्वादोन रुपये आणि आमच्याकडं ४६३ रुपये" असं म्हटलं, की त्याला कागद हातात घ्यावाच लागतो.

आपल्या जिल्ह्यालाही हे नवं नाही

१८४२ साली आपल्या नगरमध्ये 'ज्ञानोदय' हे मासिक सुरू झालं. त्याच 'ज्ञानोदय'मध्ये १८५५ साली मुक्ता साळवे या मुलीचा निबंध छापून आला. मुक्ता मातंग समाजाची, जोतिबा-सावित्रीबाईंच्या पुण्यातल्या शाळेत शिकणारी. वय चौदाच्या आसपास. मांग-महारांची दुःखं काय आहेत ते तिनं लिहिलं. बाहेरच्या शहाण्या माणसानं लिहिलं असतं तर ते वेगळं झालं असतं. मुक्तानं आपल्या माणसांचं पाहिलेलं, ऐकलेलं लिहिलं, म्हणून आज पावणेदोनशे वर्षांनीही लोक ते वाचतात.

जामखेडचं उदाहरण तर आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली तिथं काम सुरू केलं. गावातल्याच बायकांना आरोग्याचं शिक्षण दिलं. त्यातल्या कित्येक जणी दलित समाजाच्या, कित्येकींना लिहिता-वाचता येत नव्हतं. तरी गावात कोण गरोदर आहे, कोणाचं बाळ अशक्त आहे, कोणाला खोकला आहे, हे त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नसायचं. दार त्यांच्यासाठी उघडायचं, म्हणून माहिती खरी यायची.

आमच्याकडं काय झालं

आमचं काम पाथर्डीच्या बाजूला चालतं. गावात अनेक समाज. मराठा, वंजारी, बौद्ध, मातंग, मुस्लिम. पलीकडं लमाण तांडा, ओढ्याच्या कडेला पारधी वस्ती. फरशी-प्लास्टरच्या कामाला उत्तर प्रदेशातून आलेली घरंही आता इथं राहिली आहेत. दिवाळी झाली की निम्मं गाव कोयता घेऊन कारखान्यावर जातं.

गावात बचत गट बरेच आहेत. वरच्या मीटिंगमध्ये आम्ही अभिमानानं सांगायचो, "आमच्या गावात सगळ्या बाया गटात आहेत." कोणी पारधी वस्तीबद्दल विचारलं तर आमचं उत्तर तयार असायचं : "त्या बाया एका जागी राहत नाहीत. त्यांना बचतीची आवड नाही."

मागच्या उन्हाळ्यात ग्रामसंघानं ठरवलं, सुट्टीत आलेल्या पोरापोरींना कामाला लावू. प्रश्न साधा होता : गटात कोण नाही, आणि का नाही? बारावी, कॉलेजची सात पोरं जमली. त्यात तांड्यावरची एक मुलगी होती, तांबोळ्यांची एक होती, ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतली तिघं होती. फरशीवाल्या घरातला, इथल्याच शाळेत शिकलेला मुलगा होता. आणि आश्रमशाळेत शिकून बारावीला गेलेली पारधी वस्तीवरची मुलगी होती.

पहिल्या दिवशी आम्ही वस्तीवर गावातल्या दोन मुलींना पाठवलं. त्या तासाभरात परत आल्या. वहीत सगळीकडं एकच उत्तर : "आम्हाला नाही जमत." आम्ही मनात म्हटलं, बघा, आपण म्हणत होतो तेच निघालं.

दुसऱ्या दिवशी वस्तीवरचीच मुलगी गेली. ती वही पिशवीत ठेवून बसली, चहा प्याली, आपल्या भाषेत बोलली. संध्याकाळी तिनं सांगितलं ते ऐकून आमची मान खाली गेली. बाया म्हणाल्या होत्या, "आम्हाला कोणी बोलावलंच नाही." एक म्हणाली, ती चार वर्षांपूर्वी एका गटात होती. मीटिंग सोमवारी दुपारी, त्या वेळी ती खुरपणीला. गैरहजेरीचा दंड तिच्या बचतीतून कापत गेले, म्हणून तिनं गट सोडला. दुसरी म्हणाली, कारखान्यावरून पाच महिन्यांनी परत आले तर माझं नावच काढलेलं. तो दंडाचा नियम आम्हीच लिहून दिलेला होता. वहीत आमचंच अक्षर होतं.

मग एकाच प्रश्नाला दोन उत्तरं का आली? त्या मुलीनंच समजावलं. अनोळखी माणूस वही काढून नावं लिहू लागला, की वस्तीत भीती वाटते. ही भीती जुनी आहे. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून काही जमातींवर जन्मानंच गुन्हेगार असा शिक्का मारायला सुरुवात केली. नावांची नोंद व्हायची, चौकीवर हजेरी द्यावी लागायची. १९५२ साली तो कायदा रद्द झाला, पण संशय काही गेला नाही. आजी-आजोबांनी पाहिलेलं नातवंडांच्या मनात असतंच. अशा वेळी "नाही जमत" म्हणून वेळ मारून नेणं हेच शहाणपण.

म्हणून मैत्रिणींनो, विचारणारी मुलं वेगवेगळ्या समाजांची लागतात. तांड्यावर गोरमाटी बोलणारी मुलगी लागते. फरशीवाल्यांच्या सुनांशी त्यांच्या बोलीत बोलणारा कोणी लागतो. ऊसतोडीच्या घरी गेल्यावर 'कोयता' म्हणजे नवरा-बायकोची जोडी, दोघांच्या नावानं एकच उचल, हे ज्याला सांगावं लागत नाही तो लागतो.

आपल्या गावात करायचं तर

आम्ही चुकतमाकत जे शिकलो ते सांगतो.

एक. प्रश्न छोटा ठेवा. "गावाचा विकास" हा प्रश्न होत नाही. "पाण्याला रोज किती वेळ जातो?", "कोणत्या मुली दहावीनंतर घरी बसल्या आणि का?" हे प्रश्न होतात. प्रश्न मुलांनाच ठरवू द्या.

दोन. प्रत्येक वस्तीतलं एक तरी पोर हवं, आणि मुलींना बरोबरीनं घ्या. दोघं-दोघं जाऊ द्या. एकानं बोलावं, एकानं लिहावं. मुलींनी अंधार पडायच्या आत परत यावं. घरच्यांना आधी भेटून सांगा.

तीन. आधी परवानगी, मग प्रश्न. कशासाठी विचारतोय ते सांगायचं. बाई नको म्हणाली तर राम राम करून निघायचं. नावाऐवजी घराला नंबर द्यायचा. फोटो काढायचे नाहीत. "आम्ही योजना मिळवून देऊ" असं आश्वासन चुकूनही द्यायचं नाही.

चार. उत्तर बाईच्या शब्दांत लिहायचं. तिच्या बोलीतला शब्द असेल तर तोच लिहून शेजारी मराठीत अर्थ लिहायचा. आपल्याला सोयीचं वळण द्यायचं नाही.

पाच. रोज संध्याकाळी वह्या एकत्र वाचायच्या. एकाच घराची दोन वेगळी उत्तरं आली तर पुन्हा जायचं. आम्ही पहिल्याच दिवशी थांबलो असतो, तर खोटी माहिती खरी म्हणून वर पाठवली असती.

सहा. जे निघालं ते आधी ज्यांनी सांगितलं त्यांना वाचून दाखवायचं, मग ग्रामसंघात, मग ग्रामसभेत. बाईनं "हे मी असं बोलले नव्हते" म्हटलं तर खोडायचं.

सात. पोरांच्या कष्टाचं काहीतरी द्या. सुट्टीत कांदा काढणीला गेलं तर त्यांना रोज मिळतो. तो बुडवून फुकट राबवून घेणं बरोबर नाही. आम्ही ग्रामसंघाच्या पैशातून थोडा भत्ता आणि जेवण दिलं.

पुढं काय झालं

अहवाल ग्रामसंघात वाचला तेव्हा गोंधळ झाला. "कालची पोरं आम्हाला शिकवणार का?" असं एक जण म्हणाली. "दंड नसेल तर मीटिंगला कोण येईल?" असं दुसरीनं विचारलं. तो प्रश्न खोटा नव्हता. दोन मीटिंगा भांडण्यात गेल्या. शेवटी ठरलं, कोयत्यावर गेलेल्या बाईला त्या महिन्यांचा दंड नाही, तिचं नाव काढायचं नाही, परत आल्यावर बचत भरून घ्यायची. वस्तीवर एक नवा गट झाला, त्याची मीटिंग रात्री जेवणानंतर होते. हिशेब दर वेळी मोठ्यानं वाचतात, कारण बायांनीच तशी अट घातली.

सगळं सुधारलं असं आम्ही म्हणणार नाही. एका जुन्या गटानं नव्या बाया घ्यायला अजून नकारच दिलेला आहे. आणि जिनं हे सगळं शोधून काढलं, ती मुलगी दिवाळीनंतर आई-वडिलांबरोबर कारखान्यावर गेली, कारण उचल आधीच घेतलेली होती. बारावीच्या परीक्षेला तिला परत आणायचं, हे ग्रामसंघानं आपलं काम म्हणून वहीत लिहून घेतलंय. तिच्या प्रवासाचे पैसे बाजूला काढून ठेवलेत.

जाताना तिनं नवी वही मागून नेली. कोप्यांवर राहणाऱ्या बायांना पाणी किती लांबून आणावं लागतं, ते ती रोज लिहिणार आहे. परत आल्यावर ती वही आपण याच रेडिओवर तिच्याच तोंडून ऐकू.

तोवर तुमच्या पुढच्या मीटिंगमध्ये एक काम करा. गटाची हजेरीवही उघडा, आणि तिच्यात नावं नसलेली गावातली घरं कोणती, ते मोजा.