डब्यावरचे दिवे वाचायला शिकूया

(सामुदायिक रेडिओवर झालेलं हे बोलणं. गटाच्या बैठकीत मोठ्याने वाचता यावं म्हणून जसंच्या तसं छापलं आहे.)



मागच्या पावसाळ्यात आमच्या गटाची कर्जाची फाईल तीन दिवस अडकली. कागद पूर्ण होते, सह्या झाल्या होत्या, फोटोही काढून झाले होते. फक्त ते ऑनलाइन पाठवायचं राहिलं होतं आणि नेमकं आमच्या सचिव ताईंच्या घरचं वायफाय बंद पडलं. मुलगा शिकायला बाहेरगावी. दीर म्हणाले, "डब्याला हात लावू नका वहिनी, आणखी बिघडेल." मग तालुक्याहून एकाला बोलावलं. त्याने डबा खराब झालाय असं सांगितलं, नवा बसवला आणि १,५०० रुपये घेतले. गंमत म्हणजे नवा डबाही चालेना! तिसऱ्या दिवशी कंपनीचा माणूस आला. कपाट सरकवताना मागची पिवळी वायर दुमडली गेली होती. त्याने ती बदलली, दहा मिनिटांत काम झालं.

तीन दिवस गेले, १,५०० रुपये गेले, बियाण्यासाठी कर्ज हवं होतं त्या बायकांचा जीव टांगणीला लागला तो वेगळाच. म्हणून आज एकच गोष्ट बोलायची आहे. इंटरनेट बंद पडलं की कुणाला बोलावण्याआधी, पैसे काढण्याआधी, ते कुठे अडलंय हे आपण शोधायचं. त्याला शिक्षण लागत नाही. डोळे उघडे ठेवून क्रमाने बघावं लागतं, एवढंच.

आपल्या गावची नळपाणी योजना आठवा. नळाला पाणी आलं नाही तर आपण लगेच नळ बदलतो का? नाही. शेजारी आलंय का विचारतो, चावी सोडली आहे का बघतो, मग घरातला पाइप तपासतो. इंटरनेटचंही तसंच आहे. त्याच्या वाटेचे तीन टप्पे. पहिला टप्पा बाहेरचा, कंपनीच्या केंद्रापासून खांबाखांबांवरून आपल्या घरापर्यंत. दुसरा टप्पा म्हणजे घरातला डबा, म्हणजे राउटर, आणि त्याची वीज. तिसरा टप्पा डब्यापासून आपल्या मोबाईलपर्यंत, तो हवेतून जातो. या तिसऱ्या टप्प्यालाच वायफाय म्हणतात.

इथे खूप जणींची गफलत होते. "अहो, वायफायच्या सगळ्या रेघा भरलेल्या दिसतात, तरी काही उघडत नाही!" बरोबर आहे. त्या रेघा फक्त एवढंच सांगतात की मोबाईल आणि डबा यांची गाठ नीट पडली आहे. नळ आणि पाइप ठणठणीत, पण टाकीतच पाणी नाही, असं ते झालं. मोबाईलवर 'कनेक्टेड, नो इंटरनेट' असं दिसलं तर समजायचं की तिसरा टप्पा ठीक आहे, अडचण त्याच्या मागे आहे.

आता डब्याजवळ जाऊ. त्याच्यावर बारीक दिवे असतात. प्रत्येक कंपनीच्या डब्यावर ते थोडे वेगळे असतात, पण फायबरच्या, म्हणजे काचेच्या तारेच्या जोडणीत चार दिवे महत्त्वाचे.

पहिला पॉवरचा. तो लागलाच नाही तर वीज पोचत नाही. बटण चालू आहे का, पिन ढिली आहे का ते बघा. त्याच बोर्डाला मोबाईलचा चार्जर लावून बघा. मोबाईल चार्ज होतोय आणि डबा मात्र मेलेला, तर बहुधा अडॅप्टर गेलेला असतो. डबा फेकायची घाई नको. नवा अडॅप्टर घेताना जुना सोबत न्या. त्याच्यावर व्होल्ट लिहिलेले असतात, बहुतेक डब्यांना १२. व्होल्ट तंतोतंत तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतात. टीव्हीच्या सेट-टॉप बॉक्सचा अडॅप्टर बसतो म्हणून लावू नका. पिन बसली तरी व्होल्ट वेगळे असले तर डबा जळू शकतो.

दुसरा दिवा, ज्याच्याखाली पी-ओ-एन ही इंग्रजी अक्षरं असतात. तो हिरवा आणि स्थिर असला तर डबा कंपनीच्या केंद्राशी जोडलेला आहे. तो नुसताच लुकलुकत राहिला तर जोडणी व्हायची आहे.

तिसरा, एल-ओ-एस. हा नीट लक्षात ठेवा. हा दिवा न लागणं चांगलं. तो लाल होऊन लुकलुकत असेल तर काचेच्या तारेतून येणारा प्रकाश डब्यापर्यंत पोचत नाही. म्हणजे एक तर घरातली बारीक वायर, बहुतेक ठिकाणी ती पिवळी असते, दुमडली किंवा निसटली आहे, नाहीतर बाहेर तार तुटली आहे. वायर कपाटामागे चेपली आहे का, खाटेच्या पायाखाली आली आहे का, उंदराने कुरतडली आहे का ते बघा. डब्याला जिथे ती लागते तिथे हलक्या हाताने आत दाबा. एवढंच करा. ती काढून तिच्या टोकात डोकावू नका. आतला प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण इजा करू शकतो. टोकाला बोटही लावू नका, बारीकशा धुळीनेही प्रकाश अडतो. दिवा लालच राहिला तर आपलं काम संपलं. आता कंपनीला फोन.

बाहेर तार तुटायला कारणं आपल्या डोळ्यांसमोरचीच असतात. रस्त्याचं काम करताना जेसीबीने खणलं, उसाच्या ट्रॉलीने लोंबती तार ओढली, पाचट पेटवताना खांबाजवळ जाळ गेला. हे काम कंपनीचं. त्यासाठी नवा डबा विकत घ्यायला कुणी सांगितलं तर सरळ नाही म्हणा.

चौथा दिवा वायफायचा. तो विझलेला असेल तर डब्याच्या बाजूचं किंवा मागचं वायफायचं बटण कुणीतरी, बहुतेक वेळा लेकराने, दाबलेलं असतं. पुन्हा दाबा.

सगळे दिवे ठीक आहेत, तरीही चालत नाही? मग डबा बंद करून चालू करा. पण घाईने खटखट नाही. बटण बंद करा, अर्धा मिनिट थांबा, चालू करा आणि तीन-चार मिनिटं शांत बसा. चहाला आधण ठेवा हवं तर. त्याला केंद्राशी पुन्हा बोलायला तेवढा वेळ लागतो. त्याने न जमल्यास रिचार्ज संपलाय का ते बघा. पुष्कळदा दोष तिथेच निघतो.

एक सक्त सूचना. डब्याच्या मागे टाचणी जाईल एवढं बारीक भोक असतं. त्याला रिसेट म्हणतात. बंद-चालू करणं वेगळं आणि रिसेट वेगळं. त्या भोकात टाचणी घालून दाबून धरली तर कंपनीच्या माणसाने भरलेली सगळी माहिती, पासवर्डसकट, पुसली जाऊ शकते. मग तो येईपर्यंत बसून राहा! कंपनीने फोनवर स्वतः सांगितल्याशिवाय तिथे हात नको.

आता तिसरा टप्पा. इथे एकच परीक्षा: घरातल्या दुसऱ्या मोबाईलवर चालतंय का? दुसऱ्यावर चालत असेल तर डबा निर्दोष, खोट आपल्या मोबाईलमध्ये. विमानाचं चिन्ह एकदा चालू करून बंद करा. नाही जमलं तर सेटिंगमध्ये त्या वायफायच्या नावावर जाऊन 'फर्गेट' करा आणि पासवर्ड पुन्हा घाला. मोबाईलची तारीख-वेळ बघा. ती चुकलेली असेल तर बँकेची, सरकारी कामाची पानं उघडत नाहीत.

एका मैत्रिणीने विचारलं होतं, "ओसरीत चालतं, स्वयंपाकघरात नाही. असं का?" तिच्या घराच्या भिंती जाड दगडी. दगडी भिंत, पत्रा, लोखंडी कपाट, पाण्याची टाकी, हे सगळं वायफायला अडवतं. डबा कपाटावर कोपऱ्यात कोंबू नका. घराच्या मधोमध, डोक्याच्या उंचीवर, मोकळा ठेवा. काही डबे दोन नावं दाखवतात, त्यातल्या एकापुढे '५जी' लिहिलेलं असतं. ते वेगवान असतं, पण भिंतीपलीकडे लवकर थकतं. लांबच्या खोलीत दुसरं नाव धरा, ते दूर पोचतं. हे डब्यावरचं ५जी आणि टॉवरचं ५जी वेगळं, बरं का.

आणि बाकी सगळं उघडतंय, एकच सरकारी पान उघडत नाही, असं झालं तर घरात काही शोधू नका. तिकडेच गर्दी असते. शेवटच्या तारखेला सगळा जिल्हा एकदम अर्ज भरायला बसतो. पहाटे किंवा रात्री उशिरा करून बघा, आणि खरं तर शेवटची तारीख गाठूच नका.

कंपनीला फोन करायचा तर नंबर बिलावरचाच घ्या. गूगलवर शोधलेला नंबर ठगाचा असू शकतो. ग्राहक क्रमांक सांगा, कोणता दिवा कसा दिसतोय ते सांगा, शेजारच्यांचं चालू आहे की बंद ते सांगा. तक्रार क्रमांक मागून वहीत लिहा. तो नसेल तर तक्रार झालीच नाही असं समजा. तक्रार सुटली नाही तर त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जाता येतं, तेव्हा हाच क्रमांक लागतो. ओटीपी कुणालाही द्यायचा नाही. मोबाईलचा पडदा दिसेल असं ॲप टाकायला सांगितलं तर फोन ठेवायचा. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या सरकारी नंबरवर कळवायचं.

तोवर काम थांबवू नका. मोबाईलचा नेट चालू असेल तर हॉटस्पॉट लावून फाईल जाते. आमच्या त्या फाईलचंही तसंच झालं असतं, पण तेव्हा कुणाला सुचलंच नाही! ग्रामपंचायतीतही बघा. २०११ साली केंद्र सरकारने सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत काचेची तार नेण्याची योजना मंजूर केली, तिलाच आज भारतनेट म्हणतात. तुमच्या पंचायतीत ती जोडणी चालू असेल तर विचारायला काय हरकत आहे?

आणखी एक. वळवाचा पाऊस, ढग गडगडायला लागले की अडॅप्टर बोर्डातून काढून ठेवा. काचेतून वीज वाहत नाही, पण अडॅप्टरच्या वाटेने ती डब्यात शिरते.

आता घरचा अभ्यास. आज सगळं नीट चालू असताना डब्याच्या दिव्यांचा एक फोटो काढून ठेवा. बिघडल्यावर फोटो आणि डबा शेजारी धरा, कुठला दिवा बदललाय ते लगेच दिसेल. डब्याशेजारी भिंतीवर एक चिठ्ठी डकवा: ग्राहक क्रमांक, कंपनीचा नंबर, रिचार्जची तारीख. वायफायचा पासवर्ड मात्र भिंतीवर नको, गटाच्या वहीत असू द्या. तो एकट्या मुलाला माहीत आणि मुलगा बाहेरगावी, असं होऊ देऊ नका.

आमच्या सचिव ताईंचं वायफाय गेल्या महिन्यात पुन्हा गेलं. त्यांनी दिवे बघितले, वायर बघितली आणि फोनवर सांगितलं, "एल-ओ-एस लाल आहे, वायर शाबूत आहे, शेजारच्या दोन घरांचंही बंद आहे. पाटीजवळ उसाची ट्रॉली अडकली होती, तिथे बघा." माणूस थेट पाटीपाशी गेला. संध्याकाळी नेट चालू. खर्च शून्य. आता गल्लीत कुणाचं बंद पडलं की दीरच म्हणतात, "आमच्या वहिनींना विचारा."

येते मैत्रिणींनो. बैठकीत हे वाचून झालं की ज्या घरी डबा असेल तिथे सगळ्याजणी जाऊन दिवे ओळखून बघा. आणि अडलंच कुठे तर आपल्या रेडिओला फोन करा, पुढच्या वेळी त्यावर बोलू.