आमच्या पत्रिकेतील यवन

नागपुराहून वर्ध्याच्या रस्त्याने निघावे, सोनेगावचा विमानतळ मागे टाकावा आणि खापरीच्या बाजूस जावे, म्हणजे मिहानचा विस्तीर्ण परिसर दृष्टीस पडतो. जेथे एके काळी शेते होती तेथे आज विमानांच्या दुरुस्तीची शाळा, संगणकाच्या कचेऱ्या, मोठे रुग्णालय आणि विद्यालये उभी आहेत. काश्मिराकडून कन्याकुमारीस जाणारा आणि सुरतेकडून ओडिशाच्या किनाऱ्याकडे जाणारा असे दोन राजमार्ग नागपुरात एकमेकांस छेदतात. तेव्हा देशोदेशीचा माल येथे उतरावा व येथून चढावा, ही या योजनेमागील मूळ कल्पना.

या मिहानातील एका कचेरीत आमच्या तात्यांचा नातू नोकरीस आहे. गेल्या वैशाखात त्याच्या विवाहाची गोष्ट निघाली. मुलगी सुशिक्षित, कुलीन. परंतु लहानपणापासून जर्मनीत वाढलेली आणि मराठी बोलते ती अडखळत. मुलाचे मन तिच्यावर बसलेले. तात्यांनी दोन्ही पत्रिका मांडून पाहिल्या. त्या उत्तम जुळल्या, तरी त्यांचे मन घेईना. चष्मा काढून ते म्हणाले, "मिहानात साऱ्या जगाचा माल उतरतो, तो खुशाल उतरू दे. पण घरात परके वळण नको. हा देव्हारा, ही पत्रिका, एवढे तरी निर्भेळ आपले राहू दे." असे म्हणून त्यांनी मुलीच्या पत्रिकेवर बोट ठेवले. बोट नेमके सातव्या घरावर, म्हणजे विवाहस्थानावर पडले होते. जुने ज्योतिषी या स्थानास 'जामित्र' म्हणतात.

जामित्र हा शब्द ग्रीक आहे. त्या बैठकीत हे बोलणे शोभले नसते, म्हणून मी गप्प राहिलो. परंतु तात्यांसारखीच समजूत आपल्यापैकी अनेकांची असते. यास्तव जे तेथे बोललो नाही ते येथे लिहीत आहे.

वर्तुळाच्या एका टोकापासून समोरच्या टोकापर्यंत जाणाऱ्या रेषेस ग्रीक भाषेत 'दिआमेत्रोस' म्हणत. लग्नस्थानाच्या बरोबर समोर सातवे घर येते. म्हणून त्याला ते नाव पडले आणि आपल्या पंडितांच्या मुखी त्याचे जामित्र झाले. हा शब्द किती लवकर मुरला याची साक्ष प्रत्यक्ष कालिदास देतो. कुमारसंभवाच्या सातव्या सर्गात शिवपार्वतीच्या विवाहाची तिथी सांगताना त्याने जामित्राची शुद्धी पाहिली आहे. जगन्मातेच्या लग्नाचा मुहूर्त ग्रीक शब्दावाचून निघाला नाही, आणि त्याने कोणाचा धर्म बुडाला असेही कोणास वाटले नाही!

जामित्र एकटेच आलेले नाही. 'केंद्र' हा आपल्या नित्य वापरातील शब्द ग्रीक 'केंत्रोन'. त्याचा मूळ अर्थ टोकदार काटा, आणि त्यावरून कंपासाचे टोक जेथे रोवले जाते तो बिंदू. पत्रिकेतील पणफर व आपोक्लिम ही स्थाने, राशीचा तिसरा हिस्सा जो द्रेष्काण, कलेचे दुसरे नाव लिप्ता, हे सारे त्याच भाषेतून आलेले. वराहमिहिराने सहाव्या शतकात रचलेल्या बृहज्जातकात मेषादी राशींना क्रिय, तावुरि, जितुम, लेय, पाथोन अशी नावेही दिली आहेत. ती ग्रीक राशिनामांचीच रूपांतरे होत. आणि या महापंडिताने ऋण लपविले नाही. यवन हे म्लेच्छ खरे, परंतु हे शास्त्र त्यांच्या ठायी सुप्रतिष्ठित आहे, म्हणून तेही ऋषींसारखे पूज्य होत, अशा आशयाचे वचन त्याने बृहत्संहितेत नमूद केले आहे.

पत्रिका न मानणाऱ्या सुधारकानेही फार हसू नये, कारण आठवड्याचे वार तर त्यालाही पाळावे लागतात. रविवारानंतर सोमवार आणि सोमवारानंतर मंगळवारच का, याचा विचार आपण सहसा करीत नाही. त्याचे उत्तर 'होरा' या ग्रीक शब्दात आहे. होरा म्हणजे दिवसाचा चोविसावा भाग. ग्रीक ज्योतिषी ग्रहांचा क्रम त्यांच्या मंद गतीपासून शीघ्र गतीकडे लावीत: शनी, गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध, चंद्र. प्रत्येक होरेस या क्रमाने एकेक ग्रह स्वामी मानला आणि दिवसाला त्याच्या पहिल्या होरेच्या स्वामीचे नाव दिले. चोविसास सातांनी भागिले असता तीन उरतात; म्हणून आजच्या स्वामीपासून तीन घरे पुढे मोजली की उद्याचा स्वामी मिळतो. शनीपासून तीन घरे मोजा, रवी येतो. रवीपासून मोजा, चंद्र येतो. चंद्रापासून मोजा, मंगळ येतो. मुलांना हा हिशेब करावयास लावावा. मोठी मौज वाटते. आपल्या प्राचीन कालगणनेत तिथी व नक्षत्र ही प्रधान होती, वार मागाहून आला. ज्यात वाराचा निःसंदिग्ध उल्लेख आहे असा आपल्याकडील जुना कोरीव लेख मध्यप्रदेशातील एरण येथील इ. स. 484 चा होय. त्यात गुरुवार सांगितला आहे.

आता हे यवन कोण? आशिया मायनरच्या पश्चिम किनाऱ्यावर आयोनिया नावाचा ग्रीक वसाहतींचा प्रांत होता. तेथील लोकांस इराणी 'यौन' म्हणत. त्यावरून आपल्याकडे योन, योनक आणि यवन ही रूपे झाली. पुढे हा शब्द कोणत्याही परकीयास, विशेषतः मुसलमानांस, लावण्यात येऊ लागला. परंतु पाणिनी, अशोक आणि वराहमिहीर यांचा यवन तो आयोनियाचा भाऊबंद. हकिमांची यूनानी चिकित्सा हे नावही याच आयोनियाचे.

अलेक्झांडर इ. स. पूर्व 327 ते 325 या काळात भारताच्या वायव्येस आला आणि गेला. पण त्याच्या स्वारीमुळे बाल्ख व काबूलकडे ग्रीक राज्ये रुजली आणि पुढे ती पंजाबापर्यंत पसरली. त्यांपैकी राजा मेनँडर बौद्ध ग्रंथांत मिलिंद या नावाने प्रश्न विचारताना भेटतो. आंतियाल्किदास राजाचा वकील हेलिओदोर हा विदिशेच्या दरबारी आला, तेव्हा त्याने वासुदेवाच्या प्रीत्यर्थ गरुडध्वज उभारला आणि त्यावर स्वतःस भागवत म्हणविले. तो स्तंभ आजही उभा आहे. नागपुराहून दिल्लीस जाणारी आगगाडी भोपाळपुढे विदिशेवरून जाते. प्रवाशांनी एकदा उतरून त्या परदेशी वैष्णवाचे दर्शन अवश्य घ्यावे.

महाराष्ट्राशी यवनांचा संबंध मुख्यतः व्यापाराने आला. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लाल समुद्रापासून आपल्या किनाऱ्यापर्यंतच्या बंदरांची एक माहितीवही लिहिली. ती 'पेरिप्लस' या नावाने प्रसिद्ध आहे. भडोचेपासून वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर, म्हणजे धाराशिव जिल्ह्यातील आजचे तेर, असे तो सांगतो. पैठणहून अकीकासारखे दगड आणि तगरहून नाना तऱ्हेचे कापड गाड्यांत भरून अवघड वाटांनी बंदरास जाई; तिकडून मद्य, तांबे, कथील, शिसे, पोवळे व काच उतरे आणि सोन्यारुप्याची नाणी येत. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर 1944 ते 1946 या काळात जी उत्खनने झाली, त्यांत ग्रीकांचा समुद्रदेव पोसायडन याची लहानशी धातुमूर्ती सापडली. पंचगंगेच्या काठी हा सागराचा देव कोणा व्यापाऱ्याच्या गाठोड्यातून आला असेल कोण जाणे! ग्रीकांच्या 'द्राख्मे' या नाण्याचे आपल्याकडे द्रम्म झाले आणि द्रम्माचा दाम झाला. 'दाम करी काम' ही म्हण अस्सल मराठी; पण तिच्यातील दाम मात्र समुद्रापलीकडचा.

परंतु व्यापारी केवळ दाम मोजून परतले नाहीत. कार्ल्याच्या भव्य चैत्यगृहात जे खांब आहेत, त्यांपैकी कित्येकांवर दात्यांची नावे कोरलेली आहेत. त्यांत धेनुकाकट गावच्या यवनांची नावे पुन्हा पुन्हा येतात, आणि ती नावे सिंहध्वज, धर्म अशी एतद्देशीय आहेत. जुन्नरच्या लेण्यांत इरिल नावाच्या यवनाने पाण्याची दोन टाकी दिली, तर चिट नावाच्या यवनाने भोजनमंडप दिला. परक्या मुलखात जाऊन लोकांच्या पाण्याची आणि जेवणाची सोय करणारा मनुष्य फार काळ परका राहत नाही.

या सर्वांहून विलक्षण गोष्ट नाशिकच्या पांडवलेण्यांत पहावयास मिळते. तेथील तिसऱ्या लेण्यात सातवाहन राजमाता गौतमी बलश्री हिचा प्रसिद्ध लेख आहे. आपला पुत्र गौतमीपुत्र सातकर्णी याचा गौरव करताना ती म्हणते की, त्याने शक, यवन आणि पह्लव यांचा निःपात केला, चातुर्वर्ण्याचा संकर थांबविला. त्याच्या ताब्यातील देशांच्या यादीत आपला विदर्भही आहे. मातेच्या लेखणीस शोभेल असाच हा अभिमान आहे. पण तेथून त्याच टेकडीच्या ओळीने सतराव्या लेण्यापाशी जावे. ते कोणी कोरविले? उत्तरेकडील दत्तामित्री नगरीच्या धर्मदेव नामक यवनाचा पुत्र इंद्राग्निदत्त याने! सोबत त्याचा मुलगा धर्मरक्षित आहे, आणि आईबापांच्या पुण्यार्थ हे दान केले असे तो नम्रपणे सांगतो. दत्तामित्री हे नाव देमेत्रिओस या ग्रीक राजाच्या नावावरून पडले असे विद्वान मानतात. वंश यवनाचा, नाव इंद्र व अग्नी या वैदिक देवतांचे, दान बौद्ध भिक्षूंस, आणि भावना मातापित्यांच्या ऋणाची! एकाच डोंगरात यवनांचा संहार झाल्याची ग्वाही आहे आणि यवनाच्या घरचा श्राद्धभावही आहे. राजांच्या रणांगणावर जे घडले ते खोटे नव्हे. परंतु घराघरांतून आणि बाजारपेठांतून दुसरेच काही घडत होते.

येथे दोन प्रकारच्या अतिरेकापासून सावध राहिले पाहिजे. काही पाश्चात्त्य पंडितांस आपल्याकडील प्रत्येक उत्तम वस्तू ग्रीकांची उसनी वाटे. रंगभूमीवरील पडद्यास यवनिका म्हणतात, एवढ्यावरून संस्कृत नाटकच ग्रीकांनी शिकविले असा तर्क करण्यात आला. परंतु अथेन्सच्या प्राचीन नाट्यगृहात असा पडदाच नव्हता, तेव्हा तो तर्क लंगडा पडतो. उलट पक्षी आपल्यातील काही जण, आम्ही कोणाचे काहीही घेतले नाही, असे अट्टाहासाने म्हणतात. त्यांनी वराहमिहिराचे मोकळे मन आठवावे.

आणि ग्रीक तरी स्वयंभू कोठे होते? त्यांची अक्षरे फिनिशियन व्यापाऱ्यांकडून आली, हे त्यांच्याच हिरोडोटसाने लिहून ठेविले आहे. अंशाचे साठ भाग करण्याची पद्धत आणि आकाशवेधांचा मोठा साठा त्यांनी बाबिलोनियाकडून उचलला. उचललेल्या सामग्रीस भूमितीची शिस्त लावून त्यांनी नवे शास्त्र उभे केले, हे त्यांचे कर्तृत्व. आपल्या पूर्वजांनी त्यांची होरा घेतली, पण तिला नक्षत्रांची जोड दिली. त्यांच्या त्रिकोणमितीतील जीवेच्या जागी अर्धज्या योजून गणित सोपे केले. पुढे इ. स. 662 मध्ये सेवेरस सेबोख्त नावाच्या सिरियातील ख्रिस्ती धर्माधिकाऱ्याने, ग्रीक भाषा येते एवढ्यावरून सर्व विद्या हस्तगत झाली असे मानणाऱ्यांस बजावले की, भारतीयांच्या नऊ अंकांच्या गणनेकडे जरा पाहा. देणेघेणे असे दोन्ही हातांनी चालले होते. ज्याला आपल्या पचनशक्तीवर विश्वास असतो, तो परके अन्न पाहून घाबरत नाही.

पंधरा दिवसांनी तात्यांकडे पुन्हा जाणे झाले. या वेळी घरचीच मंडळी होती, तेव्हा जामित्राची आणि इंद्राग्निदत्ताची हकीकत मी त्यांना सांगितली. त्यांनी ती सगळी ऐकून घेतली. मग उठून कपाटातील कुमारसंभव काढले आणि सातवा सर्ग स्वतः उघडून पाहिला. पुस्तक मिटून बराच वेळ ते काही बोलले नाहीत.

"त्या यवनाने मुलाचे नाव काय ठेविले म्हणालास?" त्यांनी अखेर विचारले.

"धर्मरक्षित," मी म्हणालो.

तात्या खिडकीबाहेर पाहत राहिले. मग आत वळून त्यांनी सूनबाईंस हाक मारली आणि म्हणाले, "त्या मुलीला एकदा घरी जेवायला बोलवा. मराठी अडखळते म्हणता ना? बोलू दे अडखळत. मी ऐकेन."