विजेच्या नावाचा घोडा : फार लॅप

घोडा म्हटले की आपणां मराठी वाचकांस भीमथडीच्या तट्टांची आठवण व्हावी, हे स्वाभाविक आहे. अंगाने लहान, चाऱ्याच्या बाबतीत अल्पसंतुष्ट आणि डोंगरवाटेने कोसच्या कोस न थकता चालणारी ती जात आपल्या इतिहासाशी कायमची निगडित झाली आहे. परंतु माणूस ज्या गरजेसाठी जनावराची जोपासना करतो, त्या गरजेप्रमाणे त्या जनावराची घडण होत जाते. चिवटपणासाठी वाढविलेल्या घोड्याची घडण एक, तर केवळ वेगासाठी वाढविलेल्या घोड्याची दुसरी. या दुसऱ्या प्रकारच्या घोड्यास ‘थरोब्रेड’ असे म्हणतात. त्यास वंशातून काय मिळते आणि मेहनतीतून काय मिळते, हे एका खऱ्या घोड्याच्या चरित्राच्या आधारे सांगण्याचा आमचा विचार आहे. तो घोडा म्हणजे न्यूझीलंडमध्ये जन्मलेला आणि ऑस्ट्रेलियात गाजलेला फार लॅप.

प्रथम थरोब्रेड म्हणजे काय ते पाहू. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून अठराव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत पूर्वेकडील काही घोडे इंग्लंडात नेण्यात आले व तेथील घोड्यांशी त्यांचा संकर करण्यात आला. त्यांपैकी बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन आणि गोडॉल्फिन अरेबियन हे तिघे या जातीचे मूळपुरुष मानले जातात. जगातील कोणत्याही थरोब्रेडचा पितृवंश मागे मागे नेला, तर तो या तिघांपैकी एकापाशी जाऊन थांबतो. आपल्याकडे तीर्थक्षेत्रांतील उपाध्यायांच्या वह्यांत जशा घराण्यांच्या पिढ्या लिहिलेल्या असतात, तशीच या घोड्यांची वंशावळीची वही असते. आई व बाप या दोघांचीही त्या वहीत नोंद असेल, तरच शिंगराची नोंद होते. अशा रीतीने दोनशेहून अधिक वर्षे वेगवान घोड्यांतून अधिक वेगवान घोडे निवडण्याचे काम चालू आहे.

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर तिमारू गावाजवळ सीडाउन नावाचे ठिकाण आहे. तेथे ४ ऑक्टोबर १९२६ रोजी एका तांबूस रंगाच्या शिंगराचा जन्म झाला. त्याचा बाप नाइट रेड व आई एन्ट्रीटी. शर्यतीच्या मैदानावर या दोघांनीही विशेष नाव कमावलेले नव्हते. तेव्हा ‘खाण तशी माती’ ही म्हण खरी मानणाऱ्याने या शिंगराकडे पाहिलेही नसते. परंतु सिडनी येथील हॅरी टेलफर्ड नावाच्या एका गरीब शिक्षकाने, म्हणजे घोडे तयार करणाऱ्याने, विक्रीच्या यादीत त्याची वंशावळ वाचली. आईबापांच्या मागे किती मोठे पूर्वज उभे आहेत, हे त्याच्या ध्यानात आले. नाइट रेडच्या आईचा आजा म्हणजे १८९० सालचा मेलबर्न कप ६६ किलोग्रॅम ओझे वाहून जिंकणारा प्रसिद्ध घोडा कार्बाइन! पुढच्या पिढ्यांत दडलेला हा गुण या शिंगरात पुन्हा प्रकट होईल, असा टेलफर्डचा कयास होता.

टेलफर्डपाशी पैसे नव्हते. त्याने डेव्हिड डेव्हिस या अमेरिकन व्यापाऱ्याचे मन वळविले आणि १९२८ च्या जानेवारीत ट्रेंटहॅम येथील लिलावात हे शिंगरू १६० गिनींना विकत घेतले गेले. जहाजातून सिडनीस उतरलेले जनावर पाहताच मात्र डेव्हिसच्या कपाळावर आठ्या चढल्या. अंग हडकुळे, तोंडावर चामखिळी, चालणे बेंगरूळ. त्याने शिक्षणाचा खर्च देण्याचे साफ नाकारले. अखेर असा करार झाला की, टेलफर्डने तीन वर्षे घोडा स्वतःच्या खर्चाने सांभाळावा आणि बक्षिसाच्या रकमेपैकी दोन तृतीयांश वाटा घ्यावा. घोड्याचे सारे लक्ष धावण्याकडे लागावे म्हणून टेलफर्डने त्यास खच्ची करून घेतले. त्यामुळे त्याच्यापासून पुढे संतती होण्याचा मार्ग कायमचा बंद झाला. ज्याच्या वंशावळीवर भरवसा ठेवून तो विकत घेतला, त्याचाच वंश अशा प्रकारे तेथे संपला!

नाव ठेवण्याची हकीकतही मौजेची आहे. थाई भाषेत व दक्षिण चीनमधील च्वांग लोकांच्या भाषेत विजेच्या चमकेला ‘फार लॅप’ यासारखा शब्द आहे. सिडनीतील एका चिनी वंशाच्या वैद्यकीय विद्यार्थ्याने तो सुचविला व तो पसंत पडला. प्रारंभी मात्र हे नाव थट्टेचाच विषय व्हावे अशी स्थिती होती. १९२९ च्या फेब्रुवारीत पहिल्या शर्यतीत फार लॅप सर्वांच्या मागे राहिला. पुढील तीन शर्यतींतही त्याच्या पदरी काही पडले नाही. टेलफर्डने त्याला सिडनीजवळच्या वाळूच्या टेकड्यांवरून दौडत ठेवले. वाळूत पाय रुततात, छातीचा भाता फुलतो आणि स्नायू कणखर होतात. २७ एप्रिल १९२९ रोजी रोझहिल येथे त्याने पहिला विजय मिळविला. त्याच वर्षी त्याने सिडनीची व व्हिक्टोरियाची अशा दोन्ही डर्बी शर्यती जिंकल्या. मेलबर्न कपमध्ये मात्र तो तिसरा आला आणि गंमत अशी की, ती शर्यत जिंकणारा नाइटमार्च हा नाइट रेडचाच दुसरा पुत्र होता.

या सर्व काळात त्याची निगा राखणारा मोतद्दार टॉमी वुडकॉक हा विशीतला तरुण होता. तो घोड्याला लाडाने ‘बॉबी’ म्हणे, त्याच्या तबेल्यापाशीच झोपे. दुसऱ्या कोणी वैरण दिली तर बॉबी ती नाखुषीनेच खाई, असे सांगतात.

येथे शर्यतीचा एक नियम समजून घेणे आवश्यक आहे. मेलबर्न कप ही सुमारे ३२०० मीटरांची ‘हँडिकॅप’ प्रकारची शर्यत आहे. खेळाच्या तासाला धावणाऱ्या मुलांपैकी चपळ मुलाच्या पाठीवर भरलेले दप्तर आणि मंद मुलाच्या पाठीवर रिकामे दप्तर द्यावे, म्हणजे सर्वांना जिंकण्याची सारखी संधी मिळेल, तसाच हा प्रकार. जो घोडा जितका पराक्रमी, तितके अधिक वजन त्याने वाहावयाचे. म्हणजे येथे यशाची शिक्षा म्हणून ओझे वाढत जाते.

१९३० साल उजाडेपर्यंत जगभर मंदीची लाट पसरली होती. ऑस्ट्रेलियात हजारो माणसे बेकार झाली होती. अशा वेळी कवडीमोल ठरलेला एक घोडा श्रीमंतांच्या घोड्यांना मागे टाकतो, हे पाहून सामान्य माणसांना धीर येई. परंतु ज्यांचे पैसे पैजांत गुंतले होते, त्यांना त्याचे यश खुपू लागले. १ नोव्हेंबर १९३० रोजी सकाळी मेलबर्न येथे सराव करून परतताना त्याच्यावर गोळी झाडण्यात आली. नेम चुकला. त्याच दिवशी दुपारी तो शर्यत जिंकून आला! पुढे त्याला गुप्तपणे दूर नेऊन ठेवण्यात आले आणि ४ नोव्हेंबर रोजी जिम पाइक या स्वाराला पाठीवर घेऊन, ६२.५ किलोग्रॅम ओझ्यासह, त्याने मेलबर्न कप जिंकला. त्या एका आठवड्यात त्याने चार शर्यती जिंकल्या.

दुसऱ्या वर्षी, १९३१ मध्ये, त्याच कपासाठी त्याच्यावर ६८ किलोग्रॅम ओझे लादण्यात आले. तो आठवा आला व कितीतरी हलके ओझे वाहणारा व्हाइट नोज विजयी झाला. वेगालाही ओझ्याची मर्यादा असते, हे त्या दिवशी सर्वांस दिसून आले.

त्यानंतर डेव्हिसने फार लॅपला जहाजाने अमेरिकेस पाठविले. टेलफर्ड मागे राहिला आणि शिक्षकाची जबाबदारी वुडकॉकवर आली. २० मार्च १९३२ रोजी मेक्सिकोतील तिहुआना येथे, परक्या मातीच्या मैदानावर आणि खुराला इजा झालेली असताना, त्याने आग्वा कॅलियेंते हँडिकॅप ही मोठ्या बक्षिसाची शर्यत जिंकली. ५१ शर्यतींतील हा त्याचा ३७ वा विजय होता आणि दुर्दैवाने तोच अखेरचा ठरला. ५ एप्रिल रोजी कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्क येथे पहाटे वुडकॉकने पाहिले तो त्याचा बॉबी वेदनांनी तळमळत होता. काही तासांतच त्याने प्राण सोडला. मृत्यूचे कारण विष की रोग, यावर तेव्हापासून वाद चालत आला. २००६ व २००८ साली त्याच्या केसांची तपासणी झाली, तेव्हा मृत्यूपूर्वीच्या दीड-दोन दिवसांत त्याच्या पोटात बरेच आर्सेनिक म्हणजे सोमल गेल्याचे दिसून आले. ते कोणी हेतुपुरस्सर घातले की त्या काळी शक्तिवर्धक म्हणून दिल्या जाणाऱ्या औषधातून गेले, हे मात्र त्या केसांवरून ठरत नाही.

शवचिकित्सेत त्याचे हृदय सामान्य घोड्याच्या मानाने फारच मोठे, सहा किलोग्रॅमहून अधिक वजनाचे आढळले. हृदय जितके मोठे व बळकट, तितके प्रत्येक ठोक्यास अधिक रक्त स्नायूंकडे जाते, अधिक प्राणवायू पोहोचतो आणि थकवा उशिरा येतो. असे हृदय अंशतः वंशातून मिळते व अंशतः व्यायामाने वाढते. आज ते कॅनबेरा येथील राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्याची कातडी भरून केलेली आकृती मेलबर्नच्या, तर सांगाडा वेलिंग्टनच्या संग्रहालयात आहे.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे वळू. फार लॅपला सात सख्खी भावंडे होती. तेच आईबाप, तेच रक्त. तरीही त्यांपैकी एकानेही मोठी शर्यत जिंकली नाही. वंशावळच सर्वस्व असती, तर असे झाले नसते. उलट, केवळ वाळूवर दौडविल्याने कोणतेही तट्टू मेलबर्न कप जिंकील, असेही नाही. वंश शक्यता देतो. ती शक्यता प्रत्यक्षात येण्यास पारखी नजर, कष्ट आणि जिव्हाळा यांची जोड लागते. टेलफर्डची नजर, वाळूच्या टेकड्या आणि वुडकॉकची माया यांपैकी एकही गोष्ट उणी असती, तर त्या हडकुळ्या शिंगराचे नाव आज कोणास ठाऊक असते?

वुडकॉक पुढे स्वतः शिक्षक झाला. १९७७ साली त्याने तयार केलेला रेकलेस नावाचा घोडा मेलबर्न कपमध्ये दुसरा आला, तेव्हा विजेत्यापेक्षाही या वृद्ध माणसाच्या हुकलेल्या यशाने लोकांची मने अधिक हेलावली. घोड्याच्या पाठीवर पैसा लावणारे पुष्कळ असतात, घोड्यापाशी रात्र काढणारा एखादाच. आमच्या वाचकांनी फार लॅपची आठवण ठेवताना त्या मोतद्दाराचीही ठेवावी, एवढेच आमचे सांगणे आहे.