नकाशा पास होईपर्यंत

अशोक विजयादशमी आटोपली, पाऊस ओसरला की आमच्या वस्त्यांतून विटांचे आणि गिट्टीचे ढीग दिसू लागतात. कुणी टिनाचे छप्पर काढून स्लॅब टाकतो, कुणी मुलाच्या लग्नाआधी वर एक खोली चढवितो. मिस्त्री ठरतो, सेंट्रिंगवाला ठरतो, लोखंडाचा भाव चार दुकानांत विचारला जातो. महापालिकेची परवानगी मात्र फारसे कुणी विचारीत नाही. "जागा आपली, पैसा आपला, मग त्यांना कशाला विचारायचे?" असे म्हणणारे आमचे बांधव थोडे नाहीत. यात अर्धा दोष अज्ञानाचा आणि अर्धा अनुभवाचा आहे. त्या कचेरीत एकदा हेलपाटे घालून आलेला माणूस दुसऱ्यांदा जायला धजत नाही.

आमच्या शेजारी एक मावशी राहतात. यजमान कारखान्यात हेल्पर होते, ते वारले. फंडाचे पैसे आले तेव्हा मावशींनी ठरविले की आता दोन पक्क्या खोल्या बांधायच्या. वीस बाय पन्नासचा प्लॉट, मंजूर लेआउटमधला, रजिस्टर खरेदीखताचा. म्हणजे पुष्कळांपेक्षा मावशींचे कागद बरे होते. 2019 साली त्यांनी ते सगळे कागद कचेरीबाहेर चहाच्या टपरीवर बसणाऱ्या एका एजंटाच्या हवाली केले, वर पंधरा हजार रुपये दिले. पाच महिने उत्तर एकच: "फाईल साहेबांच्या टेबलावर आहे, मावशी."

शेवटी आम्ही त्यांच्याबरोबर गेलो. बाबूंनी आवक नोंदवहीची पाने उलटली. पाच महिन्यांत मावशींचे नाव कुठेच नव्हते. फाईल कचेरीत गेलीच नव्हती! मावशी बाकावर बसल्या आणि एवढेच म्हणाल्या, "पंधरा हजारांत माझ्या दोन्ही खोल्यांची फरशी आली असती."

कागद कसेबसे परत मिळाले, पैसे मिळाले नाहीत. ते कागद पाहून त्याच बाबूंनी दुसरी गोष्ट सांगितली. "मावशी, फाईल आली असती तरी परत गेली असती. सात-बाऱ्यावर तुमच्या मालकांचे नाव आहे. अर्ज जमीनमालकाने करावा लागतो. आधी वारसांची नोंद करून आणा."

वारस म्हटल्यावर घरात चर्चा सुरू झाली. धाकटे दीर म्हणाले, "वहिनी, पोरी सासरी गेल्या. त्यांच्याकडून हक्कसोड लिहून घ्या, म्हणजे भानगड नको." मावशींनी ऐकून घेतले. म्हणाल्या, "भाऊजी, बापाच्या आजारपणात रात्री त्या दोघींनी जागविल्या. त्यांची नावे मी कशाला खोडू?" तलाठ्याकडे अर्ज गेला आणि फेरफाराने मावशी, मुलगा आणि दोन्ही मुली अशी चार नावे लागली. आमच्या भगिनींपैकी पुष्कळ जणींना हे ठाऊक नसते की 1956 चा हिंदू उत्तराधिकार कायदा बौद्धांनाही लागू आहे. मृत्युपत्र केलेले नसेल तर पुरुषाच्या स्वकष्टार्जित मिळकतीत पत्नी, मुलगा, मुलगी आणि आई यांचे वाटे सारखे असतात. हिंदू कोड बिल रखडले, हे 1951 साली बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा देण्यामागचे एक मोठे कारण होते. त्या बिलाची आठवण आम्हांस तलाठ्याच्या कचेरीत व्हावी, यात नवल ते काय?

मग मावशींनी परवानाधारक अभियंता गाठला, नकाशा काढून घेतला आणि फाईल स्वतः खिडकीत दिली. पोच म्हणून दुसऱ्या प्रतीवर तारखेचा शिक्का आणि आवक क्रमांक घेतला. ती प्रत घरी बाबासाहेबांच्या तसबिरीमागे ठेवली. तीन आठवड्यांनी त्यांना तोंडी सांगण्यात आले, "जिना चुकला आहे." मावशी म्हणाल्या, "साहेब, काय चुकले ते लिहून द्या, म्हणजे इंजिनिअरला दाखविता येईल." दोन हेलपाट्यांनंतर त्रुटीचे पत्र मिळाले. जिना सोडावयाच्या मोकळ्या जागेत येत होता. तो आत घेतला, विकास शुल्काचे चलन भरले आणि बावन्नाव्या दिवशी नकाशा पास झाला.

त्या शिक्क्याला एवढे महत्त्व का? महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना कायदा 1966 चा आहे. त्याच्या कलम 44 खाली अर्ज करावयाचा आणि कलम 45 खाली निर्णय द्यावयाचा. अर्ज पोचल्यापासून 60 दिवसांत काहीच कळविले नाही तर परवानगी मिळाली असे कायदा मानतो. मात्र नकाशा नियमांत तंतोतंत बसणारा असला पाहिजे. नकार आला तर कलम 47 खाली 40 दिवसांत शासनाकडे अपील करता येते. हे दिवस मोजावयाचे कशावरून? त्या शिक्क्यावरून. एजंटाच्या शब्दावर तारीख नसते.

त्यानंतर नियम बदलले. डिसेंबर 2020 मध्ये मुंबई व आणखी काही क्षेत्रे सोडून राज्यभर एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आली. तिच्यात लहान भूखंडधारकांना सवलत आहे. 150 चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावर, कागद स्वच्छ असतील तर, तज्ज्ञाच्या सहीचा नकाशा दाखल करून शुल्क भरले की त्या आधारे काम सुरू करता येते. मावशींचा प्लॉट त्र्याण्णव चौरस मीटरचा, म्हणजे आज तो यात बसला असता. बऱ्याच ठिकाणी अर्जही आता संगणकावरून वास्तुविशारद किंवा अभियंताच भरतो. सोय झाली खरी, पण टपरीवरच्या एजंटाचा धडा येथेही विसरू नये. अर्जात मोबाईल नंबर आपलाच घालावयास सांगावे, अर्ज क्रमांक त्याच दिवशी मागून घ्यावा आणि शुल्काची पावती आपल्या नावाची आहे ना, हे पाहावे.

आणखी एक गैरसमज आमच्याकडे घट्ट बसला आहे. "घरपट्टी भरतो, लाईट बिल येते, म्हणजे घर कायदेशीर." तसे नाही. कर भरल्याने विनापरवानगी बांधकाम नियमित होत नाही. पुढे कलम 53 ची नोटीस येऊ शकते. ज्यांनी गुंठेवारीत प्लॉट घेतला त्यांच्यासाठी 2001 चा निराळा कायदा आहे. 2021 च्या दुरुस्तीने 31 डिसेंबर 2020 पर्यंतची गुंठेवारी बांधकामे त्याच्या कक्षेत आली, पण त्यासाठीही अर्ज, मोजणी आणि शुल्क हे ओघाने आलेच. साध्या बाँडपेपरवर जागा घेतली असेल तर आधी जाणत्या वकिलाला कागद दाखवावेत.

जाता जाता, आमच्यातले कितीतरी गवंडी आणि बिगारी दुसऱ्यांचे मजले चढवितात. 1996 च्या कायद्यापासून मोठ्या बांधकामांवर खर्चाच्या एक टक्का उपकर घेतला जातो, तो याच कामगारांच्या कल्याणासाठी. वर्षात 90 दिवस काम केलेल्या कामगाराला मंडळाकडे नोंदणी करता येते. ती केली नसेल त्यांनी करून घ्यावी.

मावशींनी जोते झाल्यावर तपासणी करून घेतली, घर झाल्यावर भोगवटा प्रमाणपत्र घेतले. आता त्यांची फाईल गल्लीत फिरत असते. कोणाला नमुना पाहावयाचा असतो, कोणाला चलन. फाईल परत आली की मावशी चष्मा लावतात आणि दारातच कागद मोजतात. एकोणीस भरले की मगच म्हणतात, "या, चहा घ्या."